कामटीतून पट्टी : हिरव्या बांबूचे थर एकसारखे सोलण्याची रीत

टोपली, सूप, डाले, चटई किंवा तट्टा यांपैकी काहीही करायचे असले, तरी त्या वस्तूचा टिकाऊपणा आणि तिचे रूप विणायला बसण्याआधीच बरेचसे ठरून गेलेले असते. बांबूची पट्टी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, तर वीण कितीही मन लावून केली तरी ती एके ठिकाणी फुगते आणि दुसऱ्या ठिकाणी तुटते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांतील बुरड कारागीर आणि मेळघाटातील बांबू कारागीर एकसारखी पट्टी सोलण्याचे काम इतक्या सहजपणे करतात की, पाहणाऱ्याला सारे श्रेय सुरीच्या धारेला द्यावेसे वाटते. प्रत्यक्षात सुरी केवळ चिरेला तोंड करून देते. पुढे चीर कुठे जाईल हे दोन्ही हातांनी दिलेल्या वाकावर ठरते. बचत गटांमधून किंवा प्रशिक्षण वर्गांमधून नव्याने या कामाकडे वळणाऱ्यांना विणीचे नमुने लवकर येतात, मात्र सोलणे येत नाही, असे वारंवार दिसते. म्हणून या लेखात विणीविषयी काहीही न सांगता केवळ बांबू चिरणे आणि सोलणे यांविषयी लिहिले आहे. बांबूचे लांबीने उभे भाग करण्याला येथे चिरणे म्हटले आहे आणि त्या भागाच्या, म्हणजे कामटीच्या, जाडीतून एकेक थर वेगळा काढण्याला सोलणे म्हटले आहे.

बांबू का चिरतो आणि कुठे अडतो

बांबूचे तंतू पेरामध्ये अगदी सरळ, लांबीच्या दिशेने धावतात. लाकडात गाभ्याकडून सालीकडे आडव्या जाणाऱ्या पेशींच्या रांगा असतात, तशा बांबूच्या पेरात नसतात. त्यामुळे एकदा चीर पडली की तिला आडवे येणारे काही नसते आणि ती तंतूंच्या मधून पुढे सरकत राहते. हा गुण गाठीपाशी मात्र संपतो. गाठीत तंतू वाकतात, एकमेकांत गुंततात, काही तर आतल्या पडद्यात वळतात, आणि सरळ चाललेली चीर तेथे हमखास बाजूला सरकू पाहते. सोलण्यातले बहुतेक नुकसान गाठीवर किंवा गाठीनंतरच्या चार बोटांच्या अंतरात होते.

दुसरी गोष्ट भिंतीच्या जाडीची आहे. बांबूची भिंत सगळीकडे सारखी नसते. सालीकडच्या भागात तंतूंच्या जुड्या बारीक आणि दाट असतात, तर पोटाकडे, म्हणजे आतल्या पोकळीच्या बाजूला, त्या मोठ्या आणि विरळ होत जातात आणि त्यांच्यामधील मऊ गराचे प्रमाण वाढते. अभ्रकाच्या खड्याला निसर्गानेच पापुद्रे दिलेले असतात आणि सुरीचे टोक योग्य जागी घातले की तो त्याच पातळीवर उलगडतो. बांबूत असे तयार पापुद्रे नाहीत. कुठला थर किती जाड निघावा हे सोलणाऱ्याने ठरवायचे असते, आणि ज्या सामग्रीतून तो काढायचा ती सालीकडून पोटाकडे सतत बदलत जाणारी असते. म्हणून बांबू सोलणे हे वरवर वाटते त्यापेक्षा अधिक विचाराचे काम आहे.

बांबूची निवड

विदर्भात या कामासाठी मुख्यतः दोन जातींचे बांबू हाती येतात. पहिला मानवेल, म्हणजे शास्त्रीय नावाने डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. त्याची उंची साधारण ८ ते १६ मीटर, व्यास २.५ ते ८ सेंटीमीटर आणि पेराची लांबी ३० ते ४५ सेंटीमीटर असते. कोरड्या, खडकाळ उतारावर वाढलेला मानवेल बुडाशी जवळपास भरीव असतो. असा बांबू काठीसाठी आणि दांड्यासाठी उत्तम, पण सोलण्यासाठी कष्टाचा ठरतो. ओलसर जागी, नाल्याकाठी वाढलेला त्याच जातीचा पोकळ बांबू पट्टीला अधिक चांगला. दुसरा कटांग, म्हणजे बांबुसा बांबोस. तो १५ ते ३० मीटर उंच आणि १० ते १८ सेंटीमीटर जाड होतो आणि त्याची भिंतही जाड असते. त्यातून थर पुष्कळ निघतात, पण काट्यांमुळे तो रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, बाहेर काढणे हेच एक मोठे काम होऊन बसते.

वयाचा विचार व्यासापेक्षा महत्त्वाचा आहे. बांबू एका पावसाळ्याच्या हंगामातच आपली पूर्ण उंची आणि जाडी गाठतो. त्यानंतर तो जाड होत नाही, फक्त आतून कठीण होत जातो. पहिल्या वर्षाच्या बांबूत पाणी फार असते, तंतू अजून कच्चे असतात, आणि त्याची पट्टी वाळताना आकसून सुरकुतते. शिवाय पहिल्या वर्षाचा बांबू तोडल्यास रांजीची पुढची वाढ खुंटते, म्हणून तो तोडूच नये. चौथ्या वर्षानंतरचा बांबू बांधकामाला योग्य, पण पातळ पट्टीला तो ताठ आणि ठिसूळ वाटतो. बारीक विणकामाला दोन वर्षांच्या आसपासचा बांबू निवडावा. त्याच्या पेरांवरची पांढरी भुकटी बरीच उडालेली असते, गाठींवरची कोषाची साले गळून गेलेली असतात, आणि रंग हिरवाच पण पहिल्या वर्षापेक्षा मंद झालेला असतो. पेरांवर करड्या बुरशीसारखे डाग पसरलेले दिसले आणि हिरवेपणात पिवळी झाक आली, तर तो बांबू सोलण्याच्या वयापुढे गेला असे समजावे.

तोडणीचा काळ पावसाळ्यानंतरचा असावा. जुलै आणि ऑगस्टमध्ये जमिनीतून वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, वर येत असतात, आणि त्या दिवसांत रांजीत शिरून तोड केली तर ते तुडवले जातात. ऑक्टोबरअखेरपासून थंडी संपेपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. बांबूच्या गरातील पिष्ट पदार्थ जितके जास्त, तितका त्याला भुंगा लवकर लागतो, आणि थंडीतल्या तोडीत हा धोका पुष्कळ कमी होतो. बांबू जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या लगेच वर तोडावा, म्हणजे उरलेल्या खुंटाच्या पोकळीत पाणी साचून तो कुजत नाही. निवडताना पेरे लांब, सरळ आणि पीळ नसलेली पाहावीत. पीळ ओळखण्यासाठी टोकाकडचा एक वीतभर तुकडा चिरून पाहणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, कारण बाहेरून सरळ दिसणाऱ्या बांबूचे तंतूही कधी कधी तिरपे असतात.

बांबू कुठून मिळवायचा हा प्रश्न आता पूर्वीइतका एकाच दाराशी अडकलेला नाही. बुरड कामगारांना वन विभागाच्या आगारातून बांबू मिळण्याची जुनी पद्धत आहेच. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार आला; त्यानंतर इतर ग्रामसभांकडूनही बांबू विकत घेण्याची वाट खुली झाली. वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू घेणेही सोपे झाले आहे. व्यवहार कुठेही झाला तरी बांबू हिरवा, म्हणजे ओला, मिळेल याची खात्री करून घ्यावी. आगारात महिनोन्महिने उन्हात पडलेला माल स्वस्तात मिळाला, तरी तो सोलण्याच्या कामाला महागच पडतो.

ओल टिकवणे

विदर्भाच्या हवेत ही बाब फार सांभाळावी लागते. फेब्रुवारी संपला की हवा इतकी कोरडी होते की तोडलेला बांबू उघड्यावर दोन-चार दिवस राहिला तरी टोकांपासून तडकू लागतो. लाकडाचे आकसणे ओल बरीच उतरल्यावर सुरू होते. बांबू मात्र ओल जायला लागताच आकसू लागतो. त्यामुळे आणलेला बांबू सावलीत, जमिनीपासून थोडा उंच, आडवा ठेवून त्यावर ओले गोणपाट टाकावे. दोन्ही टोकांना गाठ राहील असे तुकडे केले तर ओल जास्त टिकते. गावाजवळ बोडी किंवा तलाव असेल, तर बांबू पाण्यात बुडवून ठेवणे सर्वांत चांगले. तो पाण्यावर तरंगतो, म्हणून वर दगड ठेवावे लागतात. चार आठवड्यांहून अधिक काळ बुडवलेल्या बांबूतील पिष्ट पदार्थ बरेचसे निघून जातात आणि पुढे भुंग्याचा त्रास कमी होतो, मात्र पाणी साचलेले असेल तर बांबूला वास येतो आणि सालीवर काळपट डाग पडतात. वाळून गेलेलाच बांबू वापरणे भाग असेल, तर त्याच्या कामट्या करून त्या दोन-तीन दिवस पाण्यात ठेवाव्यात किंवा मोठ्या भांड्यात उकळून घ्याव्यात. तंतू काहीसे मऊ होतात, पण हिरव्या बांबूची लवचीकता त्यांना परत येत नाही.

हत्यारे

चिरण्याची सुरी आणि सोलण्याची सुरी वेगळी ठेवावी. चिरण्याच्या सुरीची पाठ ५ ते ६ मिलिमीटर जाड असावी, कारण तिला पाचरीचे काम करायचे असते. तिची धार फार तीक्ष्ण असण्याची गरज नाही. किंबहुना अति तीक्ष्ण धार तंतूंच्या मधून जाण्याऐवजी तंतू कापत जाते आणि चीर तिरपी होते. सोलण्याची सुरी पातळ आणि हलकी असावी. या दोन्ही सुऱ्यांची धार दोन्ही बाजूंनी सारखी उतरती हवी. एकाच बाजूने उतार दिलेली सुरी चिरेला एका अंगाला ढकलत राहते, आणि मग कारागीर उगाच आपल्या हाताला दोष देत बसतो. एका बाजूने उतार दिलेली तिसरी सुरी केवळ पट्टी तासण्यासाठी ठेवावी. यांखेरीज बारीक दातांची करवत, लाकडी मोगरी, धार लावण्याचा दगड आणि अंगठ्याला बांधण्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा एवढे साहित्य पुरेसे आहे. ट्यूबचा तुकडा विसरू नये. बांबूच्या सालीत सिलिका असते आणि ताज्या पट्टीची कड ब्लेडसारखी कापते.

चिरणे

तुकडा लागेल त्या लांबीपेक्षा वीतभर जास्त ठेवून करवतीने कापावा. कोयत्याने तोडल्यास टोकाशी नको त्या चिरा पडतात. त्यानंतर गाठींवरचे बाहेरचे उंचवटे सुरीने तासून पेरांच्या पातळीला आणावेत. हे काम चिरण्याआधीच करावे, कारण गोल बांबू फिरवत तासणे सोपे असते आणि नंतर सुट्या कामटीवर ते करताना सुरी घसरते.

चीर शेंड्याकडून सुरू करून बुडाकडे न्यावी. शेंड्याकडे भिंत पातळ असते आणि दोन्ही बाजू सारख्या धरणे सोपे जाते. पुढे जाडी वाढत गेली तरी चीर आधीच मार्गाला लागलेली असते. पहिली चीर कुठे घ्यायची याबद्दल कारागिरांमध्ये मतभेद आढळतात. फांद्यांचे डोळे बांबूच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने येतात. पहिली चीर या डोळ्यांच्या रांगेतून नेली तर ती थोडी अडखळते हे खरे, पण डोळ्यांचे दोष कामट्यांच्या कडांना येतात आणि रुंदी सारखी करताना ते निघून जातात. डोळा कामटीच्या मधोमध राहिला तर त्या कामटीतून निघणारी प्रत्येक पट्टी त्याच जागी अशक्त होते. म्हणून सुरुवातीचा थोडा त्रास सोसून डोळ्यांतूनच चीर घ्यावी, असे माझे मत आहे.

सुरी टोकाच्या बरोबर मध्यावर ठेवून मोगरीने हलके ठोकावे. दोन-तीन बोटे आत गेली की पुढे ठोकण्याची गरज सहसा पडत नाही. तुकड्याचे दुसरे टोक जमिनीवर टेकवून सुरी खाली दाबत जावे. प्रत्येक गाठ फुटताना जो आवाज होतो, त्यावरून चीर सरळ चालली आहे की नाही हे सवयीने कळू लागते. अर्ध्याचे पुन्हा अर्धे करत जावे. दोनाचे चार, चाराचे आठ आणि आठाचे सोळा. तीन किंवा पाच भाग एकदम करण्याचा मोह टाळावा, कारण चिरेच्या दोन्ही अंगांना सारखा माल असेल तरच ती सरळ राहते. एका बाजूला कमी माल असेल तर चीर त्या बाजूला कललीच म्हणून समजावे. ६ सेंटीमीटर व्यासाच्या बांबूचा घेर जवळपास १९ सेंटीमीटर भरतो, म्हणजे सोळा कामट्या केल्या तर प्रत्येक सुमारे १२ मिलिमीटर रुंद येते. टोपलीसाठी ही रुंदी सर्वसाधारणपणे योग्य असते. जाड बांबूसाठी दोन लोखंडी सळ्यांची फुली खांबात पक्की बसवून तीवर बांबूचे चिरलेले टोक चढवावे आणि बांबू पुढे रेटावा. एकदम चार भाग होतात आणि दोघांच्या जोरात काम भराभर उरकते.

कामट्या झाल्या की आतल्या पडद्यांचे तुकडे सुरीच्या पाठीने ठोकून पाडावेत आणि राहिलेले तासून काढावेत. पडद्याचा लहानसा कंगोराही शिल्लक राहिला, तर सोलताना सुरी तेथेच उडी मारते.

सोलणे

आता कामटीच्या जाडीकडे वळायचे. समजा, कामटी १० मिलिमीटर जाड आहे. तिचा पोटाकडचा ३ ते ४ मिलिमीटरचा भाग मऊ आणि विणकामाला जवळपास निरुपयोगी असतो. तो सर्वांत आधी वेगळा करावा. तो तसाच ठेवून कामटीचे मधोमध दोन भाग करायला गेल्यास एका बाजूला सालीचा ताठ माल आणि दुसऱ्या बाजूला पोटाचा मऊ माल राहतो. मऊ बाजू जास्त वाकते, चीर तिच्याकडे ओढली जाते आणि काही पेरांतच ती पोटाकडून बाहेर पडते. गाभा काढल्यानंतर उरलेले ६ मिलिमीटर पुष्कळसे एकजिनसी असतात. त्यांचे ३ आणि ३, मग प्रत्येकाचे दीड आणि दीड, आणि बारीक कामासाठी पुन्हा पाऊण मिलिमीटर, असे अर्धे-अर्धे करत जावे.

मात्र येथेही अर्धे म्हणजे मोजपट्टीने मोजलेले अर्धे नव्हे. सालीकडचा थर पोटाकडच्या थरापेक्षा ताठ असल्यामुळे दोन्ही बाजूंचा ताठपणा सारखा यावा यासाठी सुरीचे तोंड मध्यापेक्षा किंचित सालीकडे ठेवावे लागते. तीन मिलिमीटरच्या मध्ये हा फरक केसभरच असतो, पण तो न ठेवणाऱ्याची चीर प्रत्येक वेळी पोटाकडेच का सुटते, याचे कारण तेथे असते. नवशिक्यांच्या टोपलीत सालीच्या पट्ट्या जाड आणि आतल्या पट्ट्या कागदासारख्या दिसतात, त्याचेही कारण हेच.

सुरी टोकात घालून दोन-चार बोटे तोंड उघडले की दोन्ही थर दोन हातांच्या अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरावेत; सुरी उजव्या हातात चिरेमध्ये तशीच राहू द्यावी. जमिनीवर बसून कामटीचे दुसरे टोक पायाच्या बोटांत किंवा मांडीखाली धरले तर दोन्ही हात मोकळे राहतात. यापुढे सुरीने कापायचे नसते, थर एकमेकांपासून दूर वाकवायचे असतात. दोन्ही थर सारखे वाकवले, तर चीर सरळ पुढे जाते. एक थर जाड होऊ लागला आहे असे दिसताच तो जाड थर अधिक वाकवावा आणि पातळ थर जवळपास सरळ धरावा. चीर नेहमी जास्त वाकलेल्या थराकडे सरकते, म्हणून ती जाड बाजूला येऊन पुन्हा मध्यावर बसते. नवा माणूस अगदी उलट करतो. पातळ होत चाललेला थर हातात सहज वाकतो म्हणून तोच अधिक वाकवत राहतो आणि पाहता पाहता तो तुटून हातात येतो. ही एक सवय मोडली की सोलण्याचे अर्धे शिक्षण झाले.

दुरुस्ती लवकर करावी, चीर हाताच्या एक-दीड वीत पुढे गेल्यावर नव्हे. नजर सुरीवर न ठेवता चिरेच्या टोकावर ठेवावी. बोटांच्या टोकांना दोन्ही थरांच्या जाडीतला फरक डोळ्यांआधी कळतो, आणि त्यामुळे अनुभवी कारागीर बोलत बोलतही सोलू शकतो.

गाठ जवळ आली की वेग कमी करावा. हाताने ओढत आणलेली चीर गाठीत शिरताना झटका घेते, म्हणून गाठीच्या अलीकडे बोटभर अंतरावर थांबून सुरी पुढे चिरेच्या टोकापर्यंत सरकवावी आणि गाठीतून सुरीच चालवावी. सुरीला मनगटाने किंचित पीळ दिला की गाठीतील गुंतलेले तंतू सुटतात. गाठ ओलांडल्यावर पुन्हा हाताने वाकवत पुढे जावे. चीर तरीही बाहेर पडलीच, तर त्याच जागी पुन्हा तोंड करण्याचा प्रयत्न करू नये. कामटी उलटी फिरवून दुसऱ्या टोकाकडून नवी चीर आणावी आणि दोन्ही चिरा मिळवाव्यात. दोन चिरा एका पातळीवर न भेटल्यास तेथे लहान पायरी उरते, ती तासून काढता येते.

सोललेल्या पट्ट्या लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत उष्ण वारा सुटण्याआधी, सकाळीच हे काम आटोपणे शहाणपणाचे. दुपारी उघड्यावर सोललेली पट्टी दुसरा थर काढेपर्यंतच ताठ झालेली असते.

रुंदी आणि जाडी सारखी करणे

बांबू बुडाकडे जाड असल्यामुळे प्रत्येक पट्टीही बुडाकडे थोडी रुंद असते. ती सारखी करण्यासाठी लाकडी ठोकळ्यावर दोन लहान पाती उभी, समोरासमोर, हव्या त्या अंतरावर ठोकावीत आणि पट्टी त्यांच्यामधून ओढून घ्यावी. दोन्ही कडा एकदम तासल्या जातात आणि डोळ्यांचे दोषही निघून जातात. जाडीसाठी ठोकळ्यावर एक पाते आडवे धरून पट्टी त्याखालून, पोटाची बाजू वर ठेवून ओढावी. सालीची बाजू कधीही तासू नये. सर्वांत मजबूत तंतू तेथे असतात. ओढताना पट्टी नेहमी एकाच दिशेने न्यावी. अडकली तर उलट ढकलू नये, पाते सैल करून काढावी.

यंत्रे

अगरबत्तीच्या काड्या, बांबूचे बोर्ड किंवा मोठ्या संख्येने चटया करायच्या असतील तर हाताचे काम पुरत नाही. चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि मेळघाटातील लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्र ही प्रशिक्षणासाठी माहीत असलेली ठिकाणे आहेत. यंत्र घेण्याआधी अशा एखाद्या ठिकाणी ते आपल्याच भागातील बांबूवर चालवून पाहावे. ईशान्य भारतातील लांब पेरांच्या आणि पातळ भिंतीच्या बांबूवर सुरळीत चालणारे यंत्र मानवेलाच्या जवळजवळ आलेल्या गाठींवर तसे चालेलच असे नाही.

चिरण्याच्या यंत्रात मध्यावरून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेली पाती असतात आणि बांबू त्यांवर रेटला जातो. चार, सहा, आठ किंवा त्याहून अधिक पात्यांची चाके बदलता येतात. बांबूचा मध्य आणि चाकाचा मध्य जुळला नाही तर एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद कामट्या येतात, म्हणून वाकडे तुकडे आधीच बाजूला काढावेत.

सोलण्याच्या यंत्राची रीत हातापेक्षा मुळातच वेगळी आहे. त्यात दोन दातेरी रूळ कामटी पुढे ढकलतात आणि स्थिर पाते तिच्या जाडीतून जाते. येथे वाक देऊन चीर वळवायला कोणी नसते, त्यामुळे चीर पात्याच्या पुढे धावू न देणे हाच एक उपाय उरतो. यासाठी रूळ पात्याच्या जितके जवळ आणि कामटीवर जितके घट्ट बसतील तितके चांगले. कामट्या एकाच जाडीच्या, गाठी पूर्ण तासलेल्या आणि ओल्या असाव्यात, आणि सर्वांची साल एकाच बाजूला राहील अशा त्या भराव्यात. जाड-पातळ कामट्या मिसळून भरल्या तर पातळ कामटी रुळात सैल पडते आणि तिच्यातील चीर हवी तशी भटकते. पाते बोथट झाल्याची पहिली खूण पट्टीवर दिसते; तिचा पृष्ठभाग लोकरीसारखा तंतुमय होतो. धावत्या रुळात अडकलेला तुकडा हाताने कधीही काढू नये. मोटर बंद करावी आणि वीज गेली असेल तरीही बटण बंद करूनच हात घालावा, कारण भारनियमनाच्या दिवसांत ती केव्हा परत येईल याचा भरवसा नसतो.

यंत्राचे पाते तंतूंचा माग न घेता सरळ रेषेत जाते, म्हणून तिरप्या तंतूंच्या बांबूत ते तंतू आडवे कापते. अशी पट्टी सपाट चटईला किंवा काडीला चालते, पण टोपलीच्या तळाशी काटकोनात वाकवली की नेमकी तेथेच तुटते. ज्या पट्टीला वाकायचे आहे ती हाताने सोललेलीच असावी. बाकीची यंत्राने काढली तरी हरकत नाही.

थरांची निवड आणि साठवण

निघालेले थर एकत्र मिसळू नयेत. सालीचा हिरवा थर सर्वांत चिवट आणि पाण्याला दाद न देणारा असतो. टोपलीचा काठ, बांधणीची पट्टी आणि सुपाची कड यांसाठी तो राखून ठेवावा. मेणचट सालीमुळे त्यावर रंग आणि डिंक नीट बसत नाही, म्हणून रंगीत कामासाठी आणि चिकटवण्याच्या बोर्डासाठी सालीखालचे थर वापरावेत. गाभ्याकडचा भाग चुलीला जातो.

साठवायच्या पट्ट्यांना भुंगा आणि बुरशी यांपासून जपावे लागते. १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक अ‍ॅसिड आणि ३ किलो बोरॅक्स विरघळवून त्यात पट्ट्या बुडवून ठेवतात. सोललेल्या पातळ पट्टीत हे द्रावण लवकर मुरते, अखंड बांबूत मात्र सालीमुळे ते आत शिरत नाही, त्यामुळे सोलल्यानंतरच ही प्रक्रिया करणे फायद्याचे आहे. हे क्षार पाण्याने धुऊन जातात, म्हणून पावसात राहणाऱ्या तट्ट्याला त्यांचा उपयोग थोडा. धान्य पाखडायच्या सुपाला आणि भाकरीच्या टोपलीला ते लावूच नयेत. मेथी वाटून कागदाच्या लगद्यासह लिंपण्याची घराघरांतली जुनी रीत तेथे अधिक बरी. द्रावणातून काढलेल्या पट्ट्या सावलीत, वारा खेळता राहील अशा मोकळ्या टांगून वाळवाव्यात, मग लांबी, रुंदी आणि थर पाहून जुड्या बांधाव्यात आणि जमिनीपासून उंच, चुलीचा धूर लागेल अशा जागी ठेवाव्यात. विणायला घेण्याच्या आदल्या रात्री जुडी पाण्यात टाकावी आणि काम सुरू करताना पाणी निथळून घ्यावे.